वाचकांचे प्रश्न : कच्च्या आवृत्तीवर रोजचे काम

ऑपरेटिंग सिस्टीमची अजून अधिकृतपणे प्रकाशित न झालेली आवृत्ती रोजच्या कामाच्या संगणकावर वापरावी का, या एकाच विषयावर या वेळी इतकी पत्रे आली आहेत की हा संपूर्ण भाग त्यालाच द्यावा लागला. बीटा, प्रीव्ह्यू, टेस्टिंग, करंट अशी तिची नावे प्रत्येक घराण्यात वेगळी असल्यामुळे मी येथे तिला सरसकट ‘कच्ची आवृत्ती’ म्हणणार आहे. कच्च्या खर्ड्यात मजकूर बहुतेक सगळा असतो आणि तो वाचताही येतो. फक्त त्याच्याखाली अजून कोणी सही केलेली नसते.

प्रश्न : मी घरून भाषांतराचे काम करतो आणि माझ्याकडे एकच लॅपटॉप आहे. विंडोजच्या पुढच्या आवृत्तीतील काही सोयी मला आत्ताच हव्या आहेत. मायक्रोसॉफ्टच्या इन्सायडर या चाचणी कार्यक्रमात नाव नोंदवले की झाले, असे मित्र सांगतात. दर आठवड्याला मी बॅकअप घेतो. यात धोका कितपत आहे?

उत्तर : दुसरा संगणक नसेल, तर माझे उत्तर ‘तूर्त नको’ असे आहे. मात्र त्यामागचे कारण बहुतेकांना वाटते ते नाही. कच्ची आवृत्ती म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर दर तासाला बंद पडणारा संगणक उभा राहतो, आणि प्रत्यक्षात आठवडा-दोन आठवडे तो सुरळीत चालला की भीती मोडून माणूस निर्धास्त होतो. अडचण वेगळीच असते : पुढे जायला एक बटण पुरते आणि मागे यायला अख्खा दिवस जातो. म्हणून आवृत्ती किती स्थिर आहे हे विचारण्याआधी परतीची वाट कोणती आहे आणि ती किती दिवस उघडी राहते, हे विचारावे.

विंडोजपुरते बोलायचे तर इन्सायडर कार्यक्रम २०१४ साली विंडोज १० च्या निमित्ताने सुरू झाला आणि २०२३ मध्ये त्याच्या चार पायऱ्या झाल्या : कॅनरी, डेव्ह, बीटा आणि रिलीज प्रीव्ह्यू. नाव नोंदवणे सोपे आहे हे तुमच्या मित्रांचे म्हणणे खरे आहे, पण ते कोणत्या पायरीवर नोंदवले यावर पुढचे सगळे अवलंबून असते. रिलीज प्रीव्ह्यूमध्ये सर्वांना मिळणारेच बदल थोडे आधी मिळतात. कॅनरी आणि डेव्ह यांमध्ये मात्र तुमच्या बिल्डचा, म्हणजे वेळोवेळी येणाऱ्या चाचणीच्या प्रतीचा, क्रमांक प्रकाशित आवृत्तीच्या पुढे गेला, की नेहमीच्या विंडोजवर परतण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने बसवणे. नवे बिल्ड बसवल्यावर सेटिंग्जमध्ये ‘मागे जा’ अशी सोय दिसते, ती सामान्यतः १० दिवस टिकते. त्यानंतर जागा मोकळी करण्यासाठी जुन्या फायली आपोआप काढल्या जातात. अडचणी बहुधा अकराव्या दिवसाची वाट पाहत बसलेल्या असतात. ‘हे बिल्ड बरे चालले आहे, आता येथेच थांबू’ असेही करता येत नाही, कारण या बिल्डांना मुदत असते आणि ती उलटल्यावर आधी सूचना येऊ लागतात, मग संगणक स्वतःहून पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागतो.

तुमच्या व्यवसायाला लागू पडणारी आणखी एक गोष्ट आहे आणि ती फारसे कोणी सांगत नाही. इन्सायडर कार्यक्रमात राहायचे तर ‘ऐच्छिक’ म्हटली जाणारी निदानविषयक माहिती कंपनीकडे पाठवण्यास संमती द्यावी लागते. एखादा प्रोग्राम कोसळतो तेव्हा त्या क्षणीच्या मेमरीचा काही भाग या माहितीबरोबर जाऊ शकतो आणि त्यात तुम्ही उघडलेल्या फायलीतील मजकूर नकळत येऊ शकतो, हे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कागदपत्रांत लिहिलेले आहे. तुम्ही ग्राहकांशी गोपनीयतेचा करार केला असेल, तर तो आधी वाचून पाहा.

बॅकअपविषयी. आठवड्यातून एकदा घेतलेला बॅकअप म्हणजे जास्तीत जास्त सहा-सात दिवसांचे काम गमावण्याची तयारी. भाषांतरकाराला ती परवडेल का, हे तुम्हीच ठरवायचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बॅकअप परत उतरवून कधी पाहिला आहे का? एखादी जुनी फाइल त्यातून काढून, दुसऱ्या ठिकाणी ठेवून, उघडून पाहा. डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण संगणक सुरू होण्याच्या टप्प्यावर काही बदलले की तो ती मागतो आणि तुम्ही ती त्याच संगणकात जपून ठेवलेली असते.

नव्या सोयी नुसत्या पाहायच्या असतील, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे प्रोग्रामने उभ्या केलेल्या नकली संगणकात, कच्ची आवृत्ती बसवा. तिथे झाकण मिटल्यावर लॅपटॉप नीट झोपतो का, वायफाय परत जोडले जाते का, कॅमेरा चालतो का, हे कळणार नाही, आणि रोजच्या वापरात डोकेदुखी होते ती नेमकी याच गोष्टींची. पण उत्सुकता भागेल, आणि ती भागल्यावर पुष्कळांची गरजही संपते.

प्रश्न : माझ्याकडे मॅक आहे. त्याच डिस्कवर स्वतंत्र व्हॉल्यूम (वेगळा कप्पा) करून बीटा बसवला, तर माझी मुख्य सिस्टीम पूर्णपणे सुरक्षित राहील ना?

उत्तर : बऱ्याच अंशी राहील आणि मॅकवर हीच पद्धत सर्वांत चांगली आहे. एपीएफएस या फाइल सिस्टीममध्ये नवा व्हॉल्यूम करण्यासाठी डिस्कचे विभाजन करावे लागत नाही, दोन्ही व्हॉल्यूम एकच मोकळी जागा वाटून घेतात, आणि कंटाळा आला की नवा व्हॉल्यूम काढून टाकता येतो. ‘पूर्णपणे’ या शब्दाला मात्र माझी हरकत आहे.

डिस्कवर भिंत उभी राहिली तरी खात्याला भिंत नसते. बीटामध्ये तुम्ही नेहमीच्याच खात्याने साइन इन केले, तर नोंदी, स्मरणपत्रे, छायाचित्रे हे सगळे क्लाउडमधून तिकडे येते आणि नव्या आवृत्तीने त्यांचा साठा नव्या पद्धतीत बदलला, तर तो बदल क्लाउडमार्गे जुन्या बाजूलाही पोचतो. २०१९ साली हे घडलेले आहे. आयफोनच्या आयओएस १३ मध्ये रिमाइंडर्सची रचना बदलली. ज्यांनी फोनवर ‘अपग्रेड’ दाबले, त्यांच्या याद्या जुन्या मॅकओएसवर दिसेनाशा झाल्या. फोनची आवृत्ती १९ सप्टेंबरला आली होती आणि मॅकची जुळणारी आवृत्ती, कॅटालिना, ७ ऑक्टोबरला आली. प्रकाशित आवृत्त्यांमध्ये अडीच आठवड्यांचे अंतर पडले. ज्यांनी फोनवर बीटा बसवला होता, त्यांना ते उन्हाळ्यापासूनच भोगावे लागले. यावर उपाय एकच आहे : चाचणीच्या व्हॉल्यूमवर वेगळे खाते वापरावे.

हाच प्रकार इतरत्रही असतो. फायरफॉक्स या ब्राउझरची २०१९ पासूनची कोणतीही आवृत्ती तिच्याहून नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल, म्हणजे तुमच्या खुणा व सेटिंग्जचा साठा, उघडण्यास सरळ नकार देते आणि हा नकार वापरणाऱ्याच्या भल्यासाठीच असतो. झेडएफएस या फाइल सिस्टीमचा साठा नव्या सिस्टीममध्ये ‘अपग्रेड’ केला, तर जुनी सिस्टीम तो उघडेलच असे नाही. ऑपरेटिंग सिस्टीम मागे आणता येते, पण एकदा रूप बदललेली माहिती मागे येत नाही. म्हणून कच्च्या आवृत्तीत कोणत्याही प्रोग्रामने ‘तुमचा साठा अद्ययावत करू का’ असे विचारले, की हात कीबोर्डवरून उचलावा.

जाता जाता : पैसे मोजून बीटा घेण्याचे दिवसही होऊन गेले आहेत. सप्टेंबर २००० मध्ये ॲपलने मॅक ओएस एक्सचा सार्वजनिक बीटा २९.९५ डॉलरला विकला होता आणि मे २००१ मध्ये त्याची मुदत संपून तो चालेनासा झाला.

प्रश्न : कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर बीटा बसवला तर चालेल का? तो दिवसभर माझ्याच हाताखाली असतो.

उत्तर : नाही. तो हाताखाली असला तरी तुमचा नाही, आणि त्यातील सुरक्षेचे प्रोग्राम व व्हीपीएन हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी आतल्या थरात काम करत असल्यामुळे कच्च्या आवृत्तीत सर्वांत आधी तेच बिघडतात.

प्रश्न : रोजच्या कामासाठी मी डेबियन लिनक्सची ‘टेस्टिंग’ शाखा वापरतो, कारण ती ‘अनस्टेबल’पेक्षा सुरक्षित आहे असा माझा समज होता. एका सहकाऱ्याच्या मते कच्चेच वापरायचे असेल तर ‘अनस्टेबल’च बरी. त्यातच २०२४ मधील ‘एक्सझेड’ प्रकरणाविषयी वाचले आणि आता दोन्ही नकोशा वाटतात. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या सहकाऱ्याचे म्हणणे ऐकायला उलटे वाटते, पण त्यात तथ्य आहे. डेबियनमध्ये प्रत्येक नवे पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा गठ्ठा, आधी ‘अनस्टेबल’मध्ये येते. या शाखेचे कायमचे नाव ‘सिड’, म्हणजे एका ॲनिमेशनपटातल्या खेळणी मोडणाऱ्या मुलाचे नाव. तिथे साधारण २ ते १० दिवस काढून, त्या काळात कोणी गंभीर दोष नोंदवला नाही, तर ते ‘टेस्टिंग’मध्ये उतरते. म्हणजे टेस्टिंगमध्ये येणारा माल गाळणीतून आलेला असतो आणि म्हणून तिथे मोडतोड कमी होते, हा तुमचा समज बरोबर आहे. पण गाळणी दुरुस्तीलाही तेवढेच अडवते. एखाद्या पॅकेजमध्ये सुरक्षेचे भगदाड सापडले, तर ‘स्टेबल’ला सुरक्षा पथकाकडून थेट दुरुस्ती मिळते, सिडमध्ये नवी आवृत्ती येते, आणि टेस्टिंगवाला रांगेत उभा राहतो, त्या पॅकेजला लागणारे दुसरे एखादे पॅकेज अडकले, तर ही रांग काही आठवडेही लांबू शकते. नव्या प्रकाशनाआधी शाखा गोठवली जाते तेव्हाचे काही महिने टेस्टिंग वापरायला फार सुखाची असते, आणि प्रकाशन झाले की लगेच साठलेल्या नव्या पॅकेजांचा लोंढा तिच्यात शिरतो. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आणि ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ प्रकाशित झाले. साधारण दोन वर्षांनी येणारे हे चक्र ध्यानात ठेवून टेस्टिंगमध्ये केव्हा शिरायचे आणि केव्हा बाहेर पडायचे, हे ठरवता येते.

एक्सझेड प्रकरणाकडे मात्र मी तुमच्याहून वेगळ्या नजरेने पाहतो. एक्सझेड हे माहिती दाबून लहान करणारे साधे साधन आहे. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी मोठ्या चलाखीने चोरदरवाजा बसवला होता आणि त्या आवृत्त्या डेबियनच्या सिड आणि टेस्टिंगमध्ये, फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या कच्च्या शाखांमध्ये आणि इतरही काही ठिकाणी पोचल्या होत्या. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड हे सिडवर मोजमापे घेत असताना त्यांना दिसले की दूरच्या संगणकावर एसएसएचने प्रवेश करताना प्रोसेसर नको तितका राबतो आहे आणि सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्यांनी तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी आपला शोध जाहीर केला, सगळीकडून त्या आवृत्त्या मागे घेतल्या गेल्या, आणि उबुंटू लिनक्स २४.०४ च्या बीटाचे प्रकाशन एक आठवडा पुढे ढकलून, चोरदरवाजा आल्यानंतर बांधलेली पॅकेजेस नव्याने बांधली गेली. डेबियन स्टेबलला त्याची झळ लागली नाही. कच्ची आवृत्ती वापरणाऱ्यांच्या संगणकांवर चोरदरवाजा काही आठवडे होता ही गोष्ट जितकी खरी आहे, तितकीच कच्ची आवृत्ती रोज वापरणाऱ्या एका जाणत्या माणसामुळे तो पकडला गेला हीही खरी आहे. तुम्ही यांपैकी कोणत्या बाजूला बसता, हे तुम्ही स्क्रीनवर येणाऱ्या ओळी वाचता की नुसता होकाराचा ‘वाय’ दाबता, यावर अवलंबून आहे.

म्हणून माझा सल्ला शाखेविषयी नसून सवयीविषयी आहे. अपग्रेडचा आदेश दिल्यावर किती पॅकेजेस नवी येणार, किती बदलणार आणि किती काढली जाणार याची यादी समोर येते. त्यातला ‘काढली जाणार’ हा भाग रोज वाचा. २०२४ च्या वसंतात डेबियनमध्ये वेळेची नोंद ६४ बिटांत नेण्याचे मोठे स्थलांतर चालू होते, कारण ३२ बिटांतील घड्याळ २०३८ साली संपते; त्या आठवड्यांत यादी न वाचता ‘हो’ म्हणणाऱ्यांचा डेस्कटॉपच काढला जाण्याचा धोका होता, आणि वाचणाऱ्यांनी चार दिवस थांबून तो टाळला. ‘एप्ट-लिस्टबग्ज’ नावाचे छोटे साधन बसवा, म्हणजे येणाऱ्या पॅकेजमध्ये गंभीर दोष नोंदलेला असेल तर ते आधीच सांगेल. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या करंट या कच्च्या शाखेवर असणाऱ्यांना ‘अपडेटिंग’ नावाची फाइल आधी वाचण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावली जाते. तशी शिस्त सगळीकडे असती तर अर्धी पत्रे मला आलीच नसती.

डिस्कची रचना नव्याने करणार असाल, तर बीटीआरएफएस किंवा झेडएफएस यांपैकी एक फाइल सिस्टीम घ्या आणि प्रत्येक अपग्रेडच्या आधी स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची त्या क्षणीची नोंद, काढा. ओपनसुसे टंबलवीड या लिनक्समध्ये ‘स्नॅपर’ हे काम आपोआप करतो, आणि संगणक सुरू होतानाच्या यादीतून कालची सिस्टीम निवडून मिनिटभरात मागे जाता येते. एवढी परतीची वाट असल्यावर टेस्टिंग की सिड हा वाद बराच निरुपद्रवी होतो.

प्रश्न : कच्च्या आवृत्तीत आढळलेले दोष मी इमानेइतबारे कळवतो, पण कधी उत्तर येत नाही. या कळवण्याला काही अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ आहे, पण कळवण्याची रीत महत्त्वाची आहे. माझाच एक अनुभव सांगतो. एका चाचणी आवृत्तीत, ती कोणाची होती हे महत्त्वाचे नाही, एका सकाळी ‘दुसऱ्या’ हा शब्द माझ्या जुन्या लेखांत नीट दिसत होता आणि त्याच दिवशी टंकित केलेल्या मजकुरात ‘र’चा रफार होऊन तो ‘या’च्या डोक्यावर जाऊन बसला होता. इंग्रजी वापरणाऱ्या हजारो परीक्षकांना हा दोष दिसणे शक्यच नव्हते. मी चिडून ‘मराठी बिघडली आहे’ एवढेच कळवले आणि काहीही झाले नाही. मग शांतपणे पाहिले तेव्हा लक्षात आले, की हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त (पायमोड), किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. जुने लेख पहिल्या प्रकारचे होते, नवा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारे लिहीत होता आणि मजकूर मांडणारा भाग ते जोडचिन्ह वाटेतच टाकून देत होता. दुसऱ्या पत्रात मी दोन्ही प्रकारचे दोन शब्द, बिल्डचा क्रमांक, फाँटचे नाव, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले याची दोन चित्रे, एवढेच पाठवले. उत्तर तेव्हाही आले नाही. तीन बिल्डांनंतर दोष मात्र गेला.

चांगली लिहिलेली तक्रारही गर्दीत हरवते, हे मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे मोठे अद्यतन प्रकाशित झाले आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांतील फायली नाहीशा झाल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते थांबवले आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा दिले. चाचणीच्या काळात काही इन्सायडरांनी अशाच फायली गेल्याचे कळवलेले होते, पण त्या तक्रारींना पुरेसा पाठिंबा मिळाला नसल्यामुळे त्या खालीच राहिल्या. त्यानंतर कंपनीने तक्रार करताना दोषाची तीव्रता नोंदवण्याची सोय दिली. आपल्याला दिसलेला दोष दुसऱ्या कोणी आधीच नोंदवला असेल, तर नवी तक्रार न लिहिता त्याच नोंदीत आपला तपशील घालावा, तो यामुळेच.

प्रश्न : मी आधीच बीटावर आहे आणि आता कंटाळलो आहे. माहिती न गमावता बाहेर कसे पडू?

उत्तर : अधीर होऊ नका, कारण मधूनच उडी मारली तरच माहिती जाते. अँड्रॉइडच्या बीटामधून अंतिम आवृत्ती येण्याआधी बाहेर पडलात, तर फोन पूर्ण पुसला जातो. मॅकवरही डिस्क पुसून जुनी आवृत्ती बसवावी लागते, आणि नव्या आवृत्तीत घेतलेला टाइम मशीनचा बॅकअप जुनीवर जसाच्या तसा उतरत नाही. त्यापेक्षा अंतिम आवृत्ती प्रकाशित होईपर्यंत थांबा. ती आली की कच्ची आणि पक्की आवृत्ती काही दिवस एकाच पातळीवर असतात, आणि तेवढ्या काळात दार उघडे असते. मॅकवर त्या दिवसांत आधी सेटिंग्जमध्ये जाऊन बीटा अद्यतने बंद करा आणि मगच अंतिम आवृत्ती बसली आहे का ते तपासा. हा क्रम उलटला आणि मध्ये दोन-तीन दिवस गेले, तर तेवढ्यात पुढच्या आवृत्तीचा पहिला बीटा तुमच्या यंत्रावर उतरलेला असेल आणि तुम्हाला पुन्हा पुढच्या प्रकाशनापर्यंत थांबावे लागेल.